टेस्टमध्ये फॉस्फेट शून्य, तरी रीफ टँकमध्ये शेवाळ का माजतं?

टिळकवाडी असो की निपाणी, रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्याची तक्रार ठरलेली असते, शेवाळाचं खत असलेलं फॉस्फेट शून्य आलं, नायट्रेट पण शून्य, आणि तरी दगडांवर हिरवं केसासारखं शेवाळ माजलंय, हे कसं काय? उत्तर त्या शून्यातच आहे. टेस्ट किट फक्त पाण्यात विरघळलेलं मोजते, शेवाळाने आधीच खाऊन अंगात साठवलेलं तिला दिसतच नाही. शेवाळ जितकं जोरात तितका आकडा खाली, आणि मग माणूस म्हणतो माझं पाणी तर एकदम बरोबर आहे की!

आता हे फॉस्फेट येतं कुठून ते बघा. कोरड्या फिश फूडमध्ये साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम फूडमधून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या हिशोबात जवळपास ३० मिलिग्रॅम, आणि १०० लिटरच्या टाकीत ते सगळं उतरलं तर ०.३ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.३ मिलिग्रॅम. कोरलवाले ०.०३ ते ०.१ मध्ये राहायची धडपड करतात आणि इथं एका ग्रॅमने एवढं होतं. त्यात दगडांचा वेगळाच कारभार. रीफचे दगड कॅल्शियम कार्बोनेटचे, फॉस्फेट त्यांना चिकटतं, पाण्यात वाढलं की दगड शोषून घेतो आणि पाण्यात कमी झालं की हळूहळू परत सोडतो, म्हणून पाणी बदललं तरी काही दिवसांत आकडा परत तिथंच. जुन्या, जास्त फूड खाल्लेल्या टाकीत हे महिनोन्महिने चालतं. शेतात नुसती भांगलण करत राहिलं आणि वरून युरिया चालूच ठेवला तर तण हटेल काय, तसंच हे.

पाण्याचंही तेच. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी आपल्या पिण्याला ठीक असलं तरी रीफ टँकला चालत नाही, आणि चिकोडी, अथणीकडं उसाच्या पट्ट्यात बोअरमध्ये खतातलं नायट्रेट उतरायची भीती जास्त. घरातला आरओ चालेल का असं सगळे विचारतात. नाही चालत, कारण त्यात बहुतेक वेळा चवीसाठी थोडा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मुद्दाम ठेवलेला असतो, गावात कॉइन टाकून कॅन भरतात त्या प्लांटच्या पाण्यातही थोडे क्षार राहतात. आरओच्या पुढं डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार काढणारा फिल्टर, पाहिजे आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. रोज टाकीतलं पाणी उडतं पण त्यातलं बाकी सगळं मागं राहतं, वरून परत तसलंच पाणी ओतलं की साठत जातं.

खरी डोकेदुखी म्हणजे ब्रायोप्सिस नावाचं हिरवं शेवाळ. पिसासारखी नाजूक फांदी दिसते, पण आत पेशींच्या भिंती नाहीतच, अख्खी फांदी म्हणजे असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी. ती फुटून आतला रस पाण्यात सांडला तरी त्या रसाचे गोळे होऊन परत नवं शेवाळ उभं राहतं! मला तर ही निसर्गाची फार मोठी करामत वाटते. म्हणूनच टाकीत हात घालून ब्रशने घासणं हा सगळ्यात वाईट उपाय, दगड बाहेर काढून, वेगळ्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत घासा आणि ते पाणी फेकून द्या. ब्रायोप्सिसमध्ये कहालालाइड नावाची विषारी द्रव्यं सापडतात, त्यामुळे मासे सहसा तोंड लावत नाहीत. हे येतं बहुतेक नव्या फ्रॅगच्या, म्हणजे विकत आणलेल्या कोरलच्या तुकड्याच्या, बुडाला चिकटून, म्हणून नवा फ्रॅग आला की आधी नीट बघून घ्या. आणि मालवण, नेत्राणीला फिरायला गेलात म्हणून कोरलचा दगड उचलून आणू नका, कोरलला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

समुद्रात मग हे का माजत नाही? खाणारे आहेत म्हणून. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातले काळे लांब काट्यांचे, शेवाळ खाणारे डायडेमा सी अर्चिन रोगाने जवळपास साफ झाले. जमैकात त्याआधी वादळाने कोरल मोडलं होतं, शेवाळ खाणारे मासेही लोकांनी मारून संपवत आणले होते, त्यात हे अर्चिन गेले. १९७७ ला तिथं सुमारे ५२ टक्के भागावर कोरल होतं, १९९३ ला ३ टक्के उरलं, आणि शेवाळ ४ वरून ९२ टक्क्यांवर. म्हणून टर्बो स्नेल (समुद्री गोगलगाय), अर्चिन, मोठी टाकी असेल तर टँग मासा, या शेवाळ खाणाऱ्यांना मी औषधाच्या आधी ठेवतो. सोबत संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, लाइट लावून कीटोमॉर्फा हे कामाचं शेवाळ वाढवायचं आणि मूठभर काढून टाकत राहायचं, म्हणजे फॉस्फेट खरंच टाकीबाहेर जातं.

एवढं करूनही ब्रायोप्सिस हटलं नाही तर फ्लुकोनाझोल, तेच, माणसांना बुरशीसाठी डॉक्टर देतात ते. बुरशीत ते स्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतं, शेवाळातही तसंच होत असावं असं मानतात. हौशी लोकांचा रूढ डोस लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास, दोन-तीन आठवडे, त्या काळात फिल्टरमधला कार्बन बंद, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. लाल चिकट थर किंवा बुडबुड्यांचे तपकिरी धागे असतील तर तो सायनोबॅक्टेरिया हे जीवाणू नाहीतर डायनो (डायनोफ्लॅजेलेट) हे सूक्ष्मजीव, तिथं हे औषध घालू नका. डायनो तर फॉस्फेट, नायट्रेट अगदी शून्यावर खेचलं की उलट जास्त माजतात. औषध संपलं की कार्बन लावून मगच पाणी बदला, औषधाचं पाणी तसंच गटारात सोडू नका. आणि शेवाळ संपलं की टर्बो उपाशी मरतात, त्यांच्यासाठी नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी क्लिपला लावत जा.