स्क्रू एकदा घसरला की तिथेच थांबा

पुढच्या डिस्क ब्रेकचं ऑइल हँडलवरच्या ज्या छोट्या डबीत असतं ना, तिच्या झाकणाला दोन बारीक स्क्रू असतात. हा कागद त्या दोन स्क्रूंसाठी छापलाय, कारण घरी ऑइल टॉप-अप करायला घेतलं, स्क्रू हलला नाही म्हणून अजून जोर लावला आणि शेवटी डोक्यातली खाच गोल करून गाडी आमच्याकडे आणली, असं वारंवार व्हायला लागलंय. आणि प्रत्येक जण विचारतो, एक स्क्रू काढायचे एवढे पैसे कसे?

आधी तो अडकतो का ते बघा. डबी अॅल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी, आणि स्क्रूचं डोकं झाकणात खाली बसलेलं असल्यामुळे पावसाचं पाणी तिथेच साचून राहतं. आपल्या रत्नागिरीत वर खारा वारा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी आलं की अॅल्युमिनियमची पांढरी पावडर होते आणि ती आट्यांत गच्च बसते. मिऱ्या, काळबादेवीकडच्या गाड्यांना हे जास्त दिसतं, आणि चाकरमान्यांच्या गाड्यांना, ज्या वर्षभर गावच्या पडवीत उभ्या असतात आणि गणपतीत बाहेर निघतात.

पण स्क्रू अडकणं ही काही मोठी गोष्ट नाही. अडकलेला स्क्रू आम्ही पाच मिनिटांत काढतो. वेळ जातो तो घसरलेल्या स्क्रूत. घरातला स्टार स्क्रूड्रायव्हर बहुतेक वेळा टोकाला झिजलेला असतो किंवा एक नंबर बारीक असतो, या स्क्रूला दोन नंबर लागतो. शिवाय जपानी पद्धतीच्या गाड्यांना स्टार दिसायला तसाच असला तरी जरा वेगळा असतो, त्याला जेआयएस म्हणतात, बऱ्याचदा डोक्यावर बारीक ठिपका दिसेल. साधा फिलिप्स, म्हणजे नेहमीचा स्टार स्क्रूड्रायव्हर, त्यात तळापर्यंत बसतच नाही, वरच्यावर अडकतो आणि जोर लावला की उसळून बाहेर येतो, येताना खाचेच्या कडा कापून नेतो. पहिल्यांदा घसरला तेव्हा कडा थोड्याच गेलेल्या असतात, तेव्हा थांबलात तर काम सोपं आहे. दुसऱ्या-तिसऱ्यांदा घसरला की पकडायला काही उरत नाही.

घरी करायचंच असेल तर खाचेतली माती पिनने खरवडून काढा, बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर सरळ उभा धरा आणि त्याच्या मुठीवर छोट्या हातोडीनं दोन-तीन हलक्या टिचक्या मारा, दुसऱ्या हातानं डबीला खालून आधार द्या. त्या धक्क्यानं आट्यातली पावडर सुटते आणि टोकही खाली बसतं. मग दहातला सात हिस्से जोर दाबायला आणि तीन हिस्से फिरवायला. नाही फिरला तर सोडा. गंज सोडवायचा स्प्रे इथे मारू नका प्लीज, इंजिनच्या कव्हरच्या स्क्रूला रात्रभर मारून ठेवा, चालेल, पण तो ब्रेक ऑइलमध्ये उतरला तर आतली रबरं फुगतात आणि मग प्रश्न स्क्रूचा राहत नाही, ब्रेकचा होतो. टॉर्चची ज्योतही नको, ब्रेक ऑइल पेट घेतं.

ऑनलाइन मिळणारा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे घसरलेल्या स्क्रूत घुसवून तो उलटा फिरवून काढायचं हत्यार, तर या ४ मिमीच्या स्क्रूत नकोच. तो बारीक असतो, कडक असतो आणि मोडतो, आणि मोडला की साधं ड्रिल त्यात चालत नाही. अशी एक गाडी आमच्याकडे दोन दिवस उभी होती, शेवटी अख्खी मास्टर सिलेंडर असेंब्ली, म्हणजे डबीसकट ब्रेकचा हँडलवरचा पंप, बदलावी लागली.

आम्ही काय करतो ते सांगतो म्हणजे बिल कळेल. खाचेत थोडी पकड असेल तर जेआयएस बिट लावून इम्पॅक्ट ड्रायव्हरचा (ठोकलं की फिरणारा स्क्रूड्रायव्हर) हलका ठोका, काम झालं, त्याचे पैसे आम्ही सर्व्हिसिंगमध्येच धरतो. पकड गेलेली असेल तर सेंटर पंच मारून ४ मिमीच्या बिटनं फक्त डोकं उडवायचं, झाकण निघालं की स्क्रूवरचा ताण जातो आणि उरलेला दांडा ग्रिप प्लायरनं धरून बहुतेक वेळा सहज फिरतो. पण ड्रिलचा कीस डबीत पडायची शक्यता असते, म्हणून जुनं ऑइल पूर्ण काढून ब्रेकची लाइन (ऑइलची नळी) फ्लश करून नवीन भरतो आणि एअर काढतो. हे आम्ही टाळत नाही, कुणी घाई केली तरी, ब्रेक आहे तो. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवीन आट्यांसाठी तारेची गुंडाळी, बसवतो. कुठलंही काम करण्याआधी पैसे सांगतो.

परत बसवताना आट्यांना पुसट ग्रीस लावा आणि दोन बोटांनी धरून आवळा, बऱ्याच गाड्यांत या स्क्रूला दीड-दोन न्यूटन मीटरच टॉर्क लागतो, ऑइल आतलं रबरी डायफ्राम अडवतं, स्क्रूचा जोर नाही. चमकणारे स्टेनलेसचे स्क्रू ग्रीसशिवाय लावू नका, खाऱ्या हवेत ते अॅल्युमिनियमला अजून खातात. बहुतेक गाड्यांचे कंपनीचे स्क्रू आमच्या काउंटरवर सुटे मिळतात, जुना नमुना घेऊन या. मे महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी दिलीत तर हे दोन स्क्रू काढून, साफ करून, ग्रीस लावून परत बसवतो, वेगळे पैसे नाहीत, फक्त गाडी देताना आठवण करा.