मांचू राजकन्यांचे पाय बांधलेले नसत

‘चीनच्या राजघराण्यातल्या सगळ्या मुलींचे पाय वाढू नयेत म्हणून लहानपणीच करकचून बांधत’, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पाय बांधण्याची क्रूर प्रथा खरीच होती, म्हणून तो सहज पटतो. पण ती प्रामुख्याने हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजातली. १६४४ ते १९१२ या काळात राज्य करणारं घराणं मांचू, म्हणजे ईशान्येकडच्या वेगळ्या समाजातलं होतं आणि मांचू स्त्रिया पाय बांधत नसत. १६६४ मध्ये तर दरबाराने हान मुलींसाठीही बंदी घातली होती. ती टिकली नाही, १६६८ मध्ये मागे घेतली.

मग गैरसमज कुठून आला? माझ्या मते, पादत्राणांमुळे. मांचू स्त्रियांच्या बुटांना तळव्याच्या मधोमध उंच लाकडी ठोकळा असे. घोळदार झग्याखालून तेवढाच दिसे, चालही जपून पडे, त्यामुळे पाय बांधलेले वाटत.

पडताळायचं असेल तर संग्रहालयांतल्या जोडांची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहा. बांधलेल्या पायांचा जोड तळहातावर मावतो. मांचू जोड पूर्ण पावलाच्या लांबीचा असतो. १९३० च्या दशकात जपानसाठी हेरगिरी करणाऱ्या मांचू राजकन्येची लष्करी गणवेशातली छायाचित्रंही आहेत. ती घोड्यावर बसत असे.