अपमृत्यू, प्रेतगती आणि नारायणबली : एका समजुतीची पार्श्वभूमी

मराठी पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ अशी नोंद असते. पितृपक्षात साधारणपणे ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला त्याचे श्राद्ध होते, पण ही एक तिथी मरणाच्या दिवसावर नव्हे, तर मरणाच्या प्रकारावर ठरलेली आहे. शस्त्राने, अपघाताने, पाण्यात बुडून किंवा विषाने जे गेले त्यांच्यासाठी ती राखून ठेवली जाते आणि चतुर्दशीला अंथरुणावर स्वाभाविक मरण आलेल्याचे महालय श्राद्ध मात्र त्या दिवशी करत नाहीत. या नियमाचा आधार याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. शस्त्राने मारल्या गेलेल्यांना चतुर्दशीला पिंड द्यावा आणि इतरांसाठी ती तिथी टाळावी, असे तिथे थोडक्यात सांगितले आहे. अकाली गेलेल्याचा आत्मा आयुष्याची उरलेली वर्षे इथेच भटकत काढतो, ही आज सर्रास ऐकू येणारी समजूत मात्र त्या श्लोकात नाही. ती वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या गरजांतून तयार झालेल्या कल्पना एकत्र येऊन घडली आहे.

मरण अकाली ठरवायचे तर आधी आयुष्याचे माप ठरलेले असावे लागते. वैदिक वाङ्मयात हे माप शंभर शरद ऋतूंचे आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठरावे सूक्त अंत्यविधीचे आहे. त्यात मृत्यूला ‘देवांच्या वाटेहून वेगळी अशी जी तुझी वाट आहे तिने दूर जा’ असे बजावले आहे आणि मृत व जिवंत यांच्यामध्ये दगडाची सीमा घालून मागे राहिलेल्यांना शंभर वर्षे मागितली आहेत. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडात लहान मुलाला दीर्घायुष्य चिंतणारे एक सूक्त आहे. त्यात वार्धक्यालाच उद्देशून म्हटले आहे की, हे मूल केवळ तुझ्यासाठी वाढो आणि दुसरे जे शंभर मृत्यू आहेत त्यांनी त्याला इजा करू नये. एक मृत्यू हक्काचा आणि शंभर आगंतुक, हा हिशेब इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. तरीही त्या शंभरांपैकी एखाद्याने गाठलेल्या माणसाचे पुढे काय होते, याविषयी सूक्त काही म्हणत नाही. प्रार्थनेचा सगळा रोख मरण टाळण्यावर आहे.

हाच हिशेब पुढे वैद्यांनी उचलला. मृत्यू एकशे एक असून त्यांतला एक कालमृत्यू आणि बाकीचे आगंतू, असे अथर्ववेद्यांचे मत सुश्रुतसंहितेने सूत्रस्थानात नोंदवले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसाच्या म्हणजे साथीच्या रोगांच्या अध्यायात, शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना थेट विचारतो की आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेय गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला तर झिजून आपल्या वेळी संपतो, पण बोजा जास्त झाला, रस्ता खाचखळग्यांचा असला, हाकणारा चुकला किंवा वंगण मिळाले नाही, तर तोच आस मध्येच मोडतो. सगळ्यांचे आयुष्य आधीच नेमलेले असते तर औषध, पथ्य आणि शांतिकर्म यांना अर्थच उरला नसता, असाही युक्तिवाद त्या चर्चेत येतो. माझ्या मते या साऱ्या परंपरेतला अकाल मृत्यूचा सर्वांत स्वच्छ विचार हाच आहे, कारण त्यात मेलेल्याला दोष नाही आणि भूतही नाही.

भुताची वाट वेगळ्या बाजूने आली, ती अंत्यविधीतून. धर्मशास्त्राच्या मांडणीत मेलेला प्रत्येक माणूस काही काळ प्रेत असतो आणि यात नामुष्की काही नाही. स्थूल देह जळून गेलेला असतो आणि पितरांत जागा मिळालेली नसते, अशी ती मधली अवस्था आहे. दहा दिवस रोज एक पिंड द्यायचा आणि त्यातून त्या जिवाला नवे शरीर घडवून द्यायचे. गरुडपुराणाच्या प्रचलित सारोद्धारात पहिल्या पिंडाने मस्तक तयार होते, पुढच्या पिंडांनी एकेक अवयव तयार होत जातो आणि दहाव्याने भूक-तहान लागते. शेवटी सपिंडीकरणात प्रेताच्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा आणि पणजा यांच्या पिंडांत मिसळले की तो जीव पितर झाला. मुळात वर्षअखेरीस व्हायचा हा विधी आता बाराव्या दिवशीच उरकला जातो. ही सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे : देह हाती आहे, क्रिया करणारा मुलगा आहे आणि क्रिया करण्यास शास्त्राची मनाई नाही. अपमृत्यूत या तिन्हींपैकी काही ना काही हमखास हुकते, आणि मग ज्याला तात्पुरते प्रेत व्हायचे होते तो प्रेतच राहतो. ‘अडकलेला आत्मा’ ही कल्पना इथून निघते.

देह नसण्याची अडचण सर्वांत जुनी. परदेशी मेलेल्या अग्निहोत्र्याचे शरीर मिळाले नाही तर तीनशे साठ पर्णदेठांचा मनुष्याकार करून तो जाळावा, असे ऐतरेय ब्राह्मणात सांगितले आहे. पळसाच्या देठांचा हाच पालाशविधी पुढे निबंधग्रंथांत म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनांत आला. मुलगा नसण्याची अडचण गरुडपुराणातील बभ्रुवाहन राजाच्या कथेत आहे. शिकारीला गेलेल्या या राजाला रानात एक प्रेत भेटते. हे प्रेत म्हणजे पूर्वीचा विदिशेचा सुदेव नावाचा वैश्य. देव पुजले, ब्राह्मण तृप्त केले, दीनदुबळ्यांना दिले, तरी मागे ना मुलगा ना भाऊबंद, आणि और्ध्वदेहिक म्हणजे मरणोत्तर क्रिया कोणी केली नाही म्हणून ही गती आली, असे तो सांगतो. पापी नसलेला, भरपूर पुण्य केलेला माणूस केवळ क्रियेवाचून प्रेत होतो, हे कर्मसिद्धान्ताशी जुळवणे कठीण आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात स्वधर्मापासून ढळलेल्यांना प्रेतयोनी सांगितली आहे. बौद्धांच्या पेतवत्थूतही कंजूषपणा, खोटेपणा अशा स्वतःच्या कृत्यांनीच माणसे प्रेत होतात. सुदेवाच्या कथेत जबाबदारी मेलेल्यावरून उचलून जिवंतांवर ठेवली गेली आहे.

तिसरी अडचण मनाईची, आणि ती शास्त्रानेच निर्माण केली होती. आत्मत्याग करणाऱ्यांना उदक (मृताला द्यायचे पाणी) देऊ नये, असे मनू पाचव्या अध्यायात सांगतो. उदक कोणाला नाही याची याज्ञवल्क्याची यादीही त्याच वळणाची आहे. दोन वर्षांच्या आतले मूल न जाळता गावाबाहेर पुरावे आणि त्याला उदकक्रिया नाही, हाही मनूचाच नियम. (ईशावास्य उपनिषदात ‘आत्महनो जनाः’ गडद अंधाराच्या लोकांत जातात असा मंत्र आहे. आत्महत्येसंबंधी तो वारंवार सांगितला जातो, पण शंकराचार्यांनी त्या शब्दांचा अर्थ आत्मज्ञान नसलेले लोक असा केला आहे.) ज्यांना उदक नाही, पिंड नाही आणि सपिंडीकरण नाही, त्यांच्या घरच्यांनी काय करायचे, हा प्रश्न मग उरतोच. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि बाराव्याच्या आरंभी, चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत बसून याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने तो टाळला नाही. अशा मृतांचे वर्ष पूर्ण झाल्यावर नारायणबली करून और्ध्वदेहिक करता येते, असा मार्ग त्याने वचने देऊन मांडला.

विधी असा आहे : शुक्ल एकादशीला विष्णू आणि यम यांची पूजा करायची, मृताचे नाव-गोत्र घेऊन पण त्याला विष्णुरूप मानून दहा पिंड द्यायचे आणि ते नदीत सोडायचे. दुसऱ्या दिवशी ब्राह्मणभोजनानंतर विष्णू, ब्रह्मा, शिव आणि परिवारासह यम यांना चार पिंड देऊन पाचवा मृताला द्यायचा. सर्पदंशाने गेलेल्यासाठी वर्षभर पंचमीला नागपूजा करून मग नारायणबली करायचा आणि सोन्याचा नाग व प्रत्यक्ष गाय दान द्यायची. मृत व्यक्तीला क्रियेचा अधिकार नसेल तर तिला काही काळ नारायण मानून क्रिया उरकावी, ही यातली युक्ती आहे आणि तिच्यामागे दंडापेक्षा करुणा जास्त आहे असे मला वाटते. कमलाकर भट्टाचा निर्णयसिंधू (१६१२) आणि पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू (१७९०) यांतून हा विधी महाराष्ट्राच्या पौरोहित्यात पक्का बसला. त्र्यंबकेश्वरी आज तीन दिवस चालणाऱ्या नारायण-नागबलीचे मूळ हेच आहे. फरक असा की, मिताक्षरेत एका विशिष्ट मृतासाठी असलेले कर्म आता संतती न होणे, धंद्यात खोट, घरात आजारपण अशा तक्रारींवर, कोणत्या अनामिक पूर्वजाचा दोष असेल या शंकेने केले जाते.

शास्त्राच्या या मांडणीला समांतर अशी लोकसमजुतींची स्वतःची वर्गवारी महाराष्ट्रात आहे, आणि ती ग्रंथांपेक्षा जास्त बोलकी आहे. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात किंवा विटाळशी असताना गेलेली बाई अलवंत किंवा हडळ होते. वारस नसलेला किंवा धनात जीव गुंतलेला समंध होतो. या नावांत मरताना वय किती होते याची नोंद नाही, कोणता संस्कार अर्धवट राहिला याची आहे. ऐंशी वर्षांचा निपुत्रिकही समंध होऊ शकतो, म्हणजे अकालीपणाचे माप इथे शंभर शरदांचे उरलेले नाही, ते संसाराच्या पायऱ्यांचे झाले आहे. दहाव्याच्या घाटावर हीच धारणा उघड दिसते. पिंडाला कावळा शिवला नाही की ‘काहीतरी इच्छा राहिली’ असे म्हणतात. मग जवळचे कोणीतरी पुढे होऊन ‘धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नकोस’ असे मोठ्याने सांगते. तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. बाई म्हणून ज्यांच्या वाट्याला जिवंतपणी विटाळ आला, त्यांनाच मेल्यावर सर्वांत भयंकर भुते ठरवले गेले, हे या वर्गवारीतले क्रौर्यही नजरेआड करता येत नाही.

मात्र प्रत्येक अकाली मरण प्रेतगतीचे मानले गेले नाही. रणात शस्त्राने पडलेल्या क्षत्रियाचा यज्ञ आणि त्याचे अशौच (सुतक) तत्काळ पूर्ण होते, असे मनू म्हणतो. गावोगावच्या वीरगळांवर, म्हणजे पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, तेच कोरलेले आहे : खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगासमोर बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. तरुण वयात, बहुधा संसार अर्धा टाकून गेलेली ही माणसे भटकत नाहीत, ती देवाशेजारी बसतात. काही घराण्यांत त्यांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात असतात. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेतात, आणि त्या मिरवणुकीत दाजीबा म्हणजेच बाशिंगे वीराचा मान मोठा. लग्नाच्या तोंडावर, अंगाला हळद लागलेली असताना तो मारला गेला, अशी आख्यायिका आहे. त्याचे सोंग घेणारा बाशिंग बांधून निघतो. मुंजाच्या हिशेबाने पाहिले तर हा हमखास भूत व्हायला हवा होता, पण गावाने त्याला नवस बोलण्याचा देव केले.

या साऱ्याला विरोधही तितकाच जुना आहे. मेलेल्याला श्राद्धाने तृप्ती होत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला न्यावी, हा परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचा टोला चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात नोंदलेला आहे. महाराष्ट्रात सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजींवाचून विधी करण्याचा आग्रह धरला. विसाव्या शतकात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने भूत उतरवण्याच्या नावाखालच्या छळाकडे लक्ष वेधले. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर आधी अध्यादेशाने व त्याच वर्षी डिसेंबरात अधिनियमाने जादूटोणाविरोधी कायदा आला. आत्मा भटकतो असे मानण्याला किंवा नारायणबली करण्याला त्याने हात लावलेला नाही. भूत काढण्याच्या निमित्ताने दोरखंडाने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरवले असून शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक कलम आहे : साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. मिताक्षरेने सर्पदंशाने गेलेल्यासाठी वर्षानंतरचा विधी सांगितला होता. हे कलम दंशानंतरच्या पहिल्या काही तासांविषयी आहे, म्हणजे अग्निवेशाच्या प्रश्नावर आत्रेयांनी जिथे बोट ठेवले होते त्याच जागेविषयी.