यकृताचा रिपोर्ट आणि ‘फंक्शन’ या शब्दाचा घोळ

यकृतात सुई घालून नमुना घेण्याचे पहिले प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले होते. तरी बायोप्सी सर्रास होऊ लागली ती 1958 मध्ये, सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहील अशी पद्धत पुढे आल्यावर. त्यानंतरची कित्येक दशके दीर्घकालीन यकृतविकार असलेल्या माणसाच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा प्रामुख्याने बायोप्सीच्या रिपोर्टची होती. तो येण्यास काही दिवस लागत, आणि यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागावरून सगळ्या अवयवाबद्दल निष्कर्ष काढला जाई.

1950 च्या दशकाच्या मध्यास एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशींतील विकरे (एन्झाइम) रक्तात मोजता येऊ लागली. बिलिरुबिन (यकृत बाहेर टाकते ते पिवळे रंगद्रव्य) व अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन) यांच्या जोडीने त्यांचा एक संच रूढ झाला आणि त्याला ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ हे नाव चिकटले. आजही रिपोर्ट हाती आल्यावर जो गोंधळ उडतो, त्याचा मोठा वाटा या नावाकडे जातो. एसजीपीटी यकृताची कार्यक्षमता सांगत नाही. पेशींना इजा झाली की हे विकर रक्तात पाझरते, एवढेच त्यावरून कळते. कार्यक्षमतेचा अंदाज अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ यांवरून येतो, आणि यांतील शेवटची तपासणी पुष्कळदा या संचात नसतेच. सिरॉसिस, म्हणजे यकृतावर व्रण साचून ते कडक होण्याचा आजार, झालेल्या माणसाचे एसजीपीटी पूर्णपणे मर्यादेत असू शकते. आठवडाभर धास्तीत काढून तो आकडा पाहिलेल्या माणसाने सुटकेचा निःश्वास टाकावा आणि आजार मात्र पुढे सरकलेला असावा, असे घडते. उलट, वाढलेल्या आकड्याने जो घाबरून जातो, त्याचे यकृत काम नीट करत असू शकते. 2017 च्या एका मार्गदर्शक दस्तऐवजात हे नाव टाळण्याचा आग्रह धरला गेला, आणि एसजीपीटीची निरोगी मर्यादा पुरुषांसाठी लिटरमागे 29 ते 33 युनिट व स्त्रियांसाठी 19 ते 25 युनिट अशी, म्हणजे बहुतेक रिपोर्टांवर छापलेल्या मर्यादेपेक्षा खाली, सुचवली गेली. नाव मात्र बदलले नाही. माझ्या मते ते बदलायलाच हवे होते, कारण रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी रुग्णच वाचतो अशी वेळ आता आली आहे.

2003 च्या सुमारास यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारे यंत्र आले आणि बायोप्सीची गरज पुष्कळ कमी झाली. आकडा तिथल्या तिथे मिळू लागला; परंतु तपासणीआधी खाल्लेले असेल किंवा यकृताला तीव्र सूज असेल तर तो फसवा वाढतो, त्यामुळे अर्थासाठी थांबणे चुकले नाही. अमेरिकेत एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमाने तपासण्यांचे निकाल रुग्णाला विनाविलंब दिसू लागले. स्पष्टीकरण मात्र पुढच्या भेटीपर्यंत लांबत असल्याने या निर्णयावर मतभेद आहेत.

हिपॅटायटिस सी या विषाणूजन्य यकृतविकाराच्या बाबतीत प्रतीक्षा खरोखर आखडली. इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनच्या काळात 48 आठवड्यांपर्यंत उपचार आणि त्यानंतर 24 आठवड्यांनी विषाणूची तपासणी असे; आता बहुतेकांना 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्या आणि त्या संपल्यावर 12 आठवड्यांनी तपासणी पुरते. विषाणू गेला तरी ज्यांना आधीच सिरॉसिस झालेला असतो, त्यांची कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी होणारी सोनोग्राफी चालूच राहते.