वर्गणी, धर्मादाय, उपकर : सीमाभागातल्या वाचनालयांचा पैसा कुठून आला

बेळगाव शहरात घरपट्टी भरणारा माणूस त्याच पावतीतून ग्रंथालय उपकरही भरतो. हा उपकर कर्नाटकात १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने आला. त्या पैशावर सरकारी ग्रंथालये चालतात. हाच माणूस मराठी पुस्तकांसाठी एखाद्या जुन्या वाचनालयाचा सभासद असेल, तर तिथली अनामत आणि महिन्याची वर्गणी वेगळी. वाचनापायी तो दोन ठिकाणी पैसे मोजतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी वाचनालयांना पैशाची चणचण का असते, हे समजायचे तर या दोन पावत्यांमागचा जवळपास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, छावणी वसली आणि १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव जिल्हा झाला. कचेऱ्या, कोर्ट आणि शाळा आल्या, तसा पगारदार वाचकही आला. १८४८ मध्ये इथे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली, तेच आजचे सार्वजनिक वाचनालय. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याचे १८४८ चेच, कोल्हापूरचे १८५० चे. मुंबई इलाख्यातल्या या पहिल्या पिढीच्या वाचनालयांचा आर्थिक साचा सारखाच होता. साहेब अधिकाऱ्यांचा आश्रय, संस्थानिक आणि सरदारांच्या देणग्या, आणि वकील, मास्तर, कारकून यांची नियमित वर्गणी. त्यातला आश्रय अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाई, देणगी एकदाच येई. टिकून राहिली ती वर्गणी.

दुसरा झरा बाजारपेठेचा. आडतीच्या (दलालामार्फत मालविक्रीच्या) व्यवहारात हिशेबाच्या शेवटी ‘धर्मादाय’ म्हणून थोडी रक्कम कापायची रीत आपल्याकडच्या पेठांमध्ये जुनी. गूळ, तंबाखू, मिरची, कापड, माल कोणताही असो, त्या रकमेतून पांजरपोळ, धर्मशाळा, देवळाचा उत्सव आणि कधी शाळा-वाचनालय यांना मदत होई. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने या रिवाजाची दखल घेतली. धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम व्यापाऱ्याची नव्हे, तो तिचा विश्वस्त आहे, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. बाजार समित्यांच्या नियमांनी पुढे आडतीतल्या कपातींना आळा बसला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले, कारण ती रक्कम बहुतेक वेळा त्याच्याच पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, जायची. पण गावातल्या संस्थांकडे आपोआप येणारा पैसा त्याबरोबर आटत गेला, आणि त्याची जागा घेईल असे दुसरे काही कोणी उभे केले नाही.

तिसरा मार्ग रंगभूमीचा. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. नाटकाचे वेड या मातीत जुने आहे, आणि संस्थेच्या मदतीसाठी नाटकाचा खेळ लावणे ही मराठी मुलखात निधी उभारायची हुकमी रीत होती. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी केला, तो या प्रथेचा सर्वांत गाजलेला दाखला. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड होता : घरटी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचा. तळेगावचा काच कारखाना त्या पैशातून उभा राहिला. थोड्या थोड्या पैशाला मोठ्या कामाला लावण्याची ही सवय मराठी समाजाच्या अंगात तेव्हाच मुरली. सीमाभागातल्या संस्था आजही तिच्यावर जगतात.

सरकारी पैशाची कल्पना त्या मानाने उशिरा आली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात खेड्यातल्या वाचनालयाला लोक जेवढे देतील तेवढेच पंचायतीने आणि तेवढेच राज्याने द्यायचे, असा तिहेरी हिशेब होता. मला ही रचना आजवरच्या सगळ्या योजनांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात गावाच्या वर्गणीची किंमत तिप्पट होते आणि संस्था गावाचीच राहते. मुंबई सरकारने १९३९ मध्ये ग्रंथालयांच्या विकासासाठी फैजी समिती नेमली. स्वातंत्र्याच्या सुमारास तिच्या शिफारशींनुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदान मिळू लागले. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होते, त्यामुळे इथल्या संस्थाही त्याच चौकटीत होत्या. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला होता.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. राज्य पुनर्रचनेत बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. तेच शहर दहा वर्षांनी सीमेपलीकडे पडले. सीमाप्रश्न आपण भाषा, शाळा, फलक आणि मतदान या अंगांनी पुष्कळ बोललो. वाचनालयांच्या तिजोरीवर त्याचा काय परिणाम झाला, हे फारसे कुणी सांगत नाही. परिणाम असा झाला की पुढच्या दहा-बारा वर्षांत दोन राज्यांनी दोन वेगळे कायदे केले, आणि सीमाभागातल्या मराठी संस्था त्या दोन्हींच्या मध्ये राहिल्या.

म्हैसूरचा १९६५ चा कायदा मद्रासच्या १९४८ च्या कायद्याच्या वळणाचा. स्थानिक ग्रंथालय प्राधिकरण, इमारती-जमिनीवरच्या कराशी जोडलेला उपकर (मूळ दर रुपयाला तीन पैसे, पुढे तो वाढला) आणि सरकारने चालवलेली ग्रंथालये. शहर, जिल्हा, ग्रामपंचायत अशी ती उतरंड आहे, आणि फुकट वाचनाचा हक्क तिने खूप लोकांपर्यंत नेला, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिचा कणा सरकारी आहे. लोकांनी काढलेले, वर्गणीवर चालणारे वाचनालय तिच्यात मध्यभागी नाही. महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा अगदी उलट दिशेने गेला. तिथे उपकर नाही. लोकांनी चालवलेल्या संस्थांना मान्यता द्यायची, अ, ब, क, ड असा दर्जा ठरवायचा आणि दर्जानुसार वार्षिक अनुदान द्यायचे, अशी ती पद्धत. अनुदान अपुरे असते, उशिरा येते, अशी तक्रार महाराष्ट्रातले ग्रंथालय कार्यकर्ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. २०२२ च्या अखेरीस त्यात ६० टक्के वाढ झाली, तीही मोठ्या प्रतीक्षेनंतर. तरीही ते दरवर्षीचे, हिशेबात धरता येणारे उत्पन्न आहे.

याचा अर्थ जमिनीवर काय होतो ते पाहा. महाराष्ट्रातले कागल आणि कर्नाटकातले निपाणी यांच्यात महामार्गाने अर्ध्या तासाचेही अंतर नाही. दोन्ही गावांत तीच मासिके येतात, तेच दिवाळी अंक वाचले जातात, लग्नसंबंधही होतात. कागलच्या वाचनालयाला दर्जा आणि अनुदान मागता येते. निपाणीच्या वाचनालयाला ते मागायला महाराष्ट्राचे दार कायद्याने उघडे नाही, आणि कर्नाटकातल्या उपकराची रचना त्याच्यासाठी केलेली नाही. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या संस्थांना वेळोवेळी मदत करते, तिचे मोल आहेच, पण ती प्रसंगाप्रसंगाने येते. ग्रंथपालाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून केंद्राच्या पैशातून पुस्तके आणि इमारतींसाठी साहाय्य देते. त्याच्या बहुतेक योजना मात्र राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फत येतात, आणि अर्जासाठी लागणारी कागदपत्रे जुळवायला लहान संस्थेकडे माणूस नसतो.

मग या संस्था तगल्या कशा? मुख्यतः जागेवर आणि ठेवींवर. जुन्या पिढीने भर पेठेत जागा मिळवली, इमारत बांधताना तळमजल्यावर दुकानगाळे काढले, वर सभागृह ठेवले. गाळ्यांचे भाडे, सभागृहाचे भाडे, अभ्यासिकेचे शुल्क, आजीव सभासदांची रक्कम आणि कायम ठेवींचे व्याज, यांवर दिवे आणि वर्तमानपत्रांचे बिल निघते. जुन्या पेठांतले गाळे बहुधा जुन्या भाडेकरूंकडे असतात आणि भाडे बाजारभावाच्या आसपासही नसते. ठेवींचे तर आणखी अवघड झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यात बँका १२ टक्क्यांच्या आसपास व्याज देत. २०२० नंतर काही काळ ते साडेपाच टक्क्यांपर्यंत खाली आले. आई-वडिलांच्या स्मृतीसाठी कुणी लाखाची ठेव दिली असेल, तर तिचे वर्षाचे १२,००० रुपये साडेपाच हजारांवर आले, आणि त्याच काळात पुस्तकांच्या किमती कितीतरी पटींनी चढल्या. ठेव देणाऱ्याची इच्छा आणि तिच्यातून होणारे काम यांचा मेळ आता बसत नाही. स्मृतिव्याख्याने आणि पारितोषिके वर्षाआड करायची वेळ येते ती यामुळे.

खेड्यांकडे पाहिले की वेगळेच चित्र दिसते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी इथली ग्रामीण साहित्य संमेलने लोकवर्गणीवर भरतात. ग्रंथदिंडी निघते, जेवणाच्या पंगती उठतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, गाव स्वतःच्या खिशातून सगळे करते. यात मला आपल्या लोकांची सर्वांत मोठी ताकद दिसते. तरी एक गोष्ट मनापासून वाटते : संमेलनासाठी जमलेल्या पैशातला दहावा हिस्सा जरी दरवर्षी गावच्या वाचनालयाच्या कायम निधीत पडला असता, तर आज या गावांतली वाचनालये कुणाकडे हात पसरत नसती. मंडप एका दिवसाचा असतो, आणि वर्गणी देणारे हात तेच असतात.

संग्रहालयांचा हिशेब निराळा आहे. कित्तूरचे संग्रहालय राज्य सरकारचे, बेळगावातले मराठा लाइट इन्फंट्रीचे संग्रहालय लष्कराचे. त्यांचा खर्च तिकिटांवर अवलंबून नाही.

खरी आबाळ आहे ती कागदपत्रांची. १८४३ पासून दक्षिण मराठा मुलखात इनामांची (सारामाफीच्या जमिनींची) चौकशी सुरू झाली, १८५२ मध्ये तिच्यासाठी कायदा झाला. आपले वतन सिद्ध करायला देसाई, इनामदार, जोशी, कुलकर्णी यांनी सनदा, महजर (निवाडापत्रे), ताळेबंद जपून ठेवले. पिढ्यान्‌पिढ्या ते वाड्यांच्या माळ्यावर, लाल फडक्यात बांधून राहिले. सरकारी दप्तर मुंबई, पुणे, कोल्हापूर, धारवाड, बंगळूर असे विखुरले. घरगुती दप्तराला तर कुणी वालीच नाही. त्याच्याच शेजारी सीमालढ्याची पत्रके, सत्याग्रहींची पत्रे, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली आहेत, आणि हा लढा पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. दात्याला वडिलांचे नाव सभागृहावर लावता येते, कपाटावर लावता येते. वाळवी मारणे, मोडी वाचून सूची करणे, कागद स्कॅन करणे, याला फलक नसतो, म्हणून पैसाही येत नाही. आपल्या देणगीच्या संस्कृतीतली ही उणीव मला सगळ्यात जास्त सलते. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांची मागणी एकदम वाढली. मोडी दस्तऐवज वाचून देणे ही पैसे मिळवून देणारी सेवा होऊ शकते, हे त्यातून दिसले आहे. सीमाभागातल्या एखाद्या वाचनालयाने दोन तरुणांना मोडी शिकवून असा कक्ष उघडला, तर त्याच्या शुल्कातून दप्तराच्या जतनाचा काही भाग निघेल.

नव्या पैशाचा रस्ता कंपनी कायद्यातून जातो. २०१३ च्या कायद्यानुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. त्या कामांच्या यादीत वारशाचे जतन आणि सार्वजनिक ग्रंथालये उभारणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बेळगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या आणि सुट्या भागांचे कारखाने पुष्कळ, पण बरेचसे या मर्यादेखालचे, म्हणजे त्यांच्यावर सक्ती नाही. त्यांना जाऊन विचारावेच लागेल. विचारायला जाताना कागद पुरे हवेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली ८०जी (दात्याला करसवलत) आणि १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) ही नोंदणी २०२१ पासून मुदतीची झाली, ठरावीक वर्षांनी ती नव्याने करावी लागते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला करसवलत मिळत नाही. कायम निधीसाठीची देणगी असेल, तर दात्याने तसे स्पष्ट सांगावे लागते. ज्या संस्थांनी या बाबी वेळेवर केल्या त्यांना मोठी देणगी घेता येते. राहिलेल्या संस्थांच्या कार्यकारिणीत सनदी लेखापाल होऊ पाहणारा गावातलाच एखादा मुलगा घेतला, तर हे काम महिन्याभरात मार्गी लागण्यासारखे आहे.