टॅब आले तेव्हा किंडल संपणार होतं, त्याचं पुढे काय झालं

२०१० च्या जानेवारीत ॲपलने आयपॅड दाखवला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं टेकवर लिहिणारे बरेच जण एकच सांगत होते की आता किंडलचे, म्हणजे ॲमेझॉनच्या पुस्तक वाचायच्या यंत्राचे, दिवस भरले. वरवर बघितलं तर बरोबरच वाटत होतं, एकाच यंत्रात पुस्तक, व्हिडिओ, मेल, गेम सगळं मिळत असेल तर फक्त पुस्तक दाखवणारं काळंपांढरं यंत्र कोण कशाला घेईल? आजही घरात टॅब घ्यायचं ठरलं की हा प्रश्न निघतोच, टॅब आहे ना मग किंडल कशाला. पण मागचं माहीत नसेल तर हा नुसता स्क्रीनचा वाद वाटतो, त्यात पुस्तकांच्या किमती होत्या, प्रकाशक होते, आणि आपल्या मराठीपुरतं बोलायचं तर फॉन्टची भलतीच भानगड होती.

सगळ्यात आधी हे सांगायला हवं की पहिले ई-रीडर, म्हणजे किंडलसारखी फक्त पुस्तक वाचायची यंत्रं, स्क्रीनच्या हिशोबाने छोटे टॅबच होते. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉकेट ईबुक आणि सॉफ्टबुक नावाची दोन यंत्रं आली, दोन्हीला एलसीडी स्क्रीन. किंमत जास्त, पुस्तकं कमी, बॅटरी काही तासांची, त्यामुळे ती फार चालली नाहीत. रॉकेट ईबुक काढणारे मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग पुढे २००३ मध्ये टेस्ला कंपनी सुरू करणारे तेच दोघे, हे फार जणांना माहीत नसतं.

खरा फरक पडला तो ई इंकमुळे. एमआयटी मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी यावर काम करत होते आणि १९९७ मध्ये त्यातून ई इंक कंपनी निघाली. यात स्क्रीनमध्ये केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, प्रत्येक कुपीत पातळ द्रवात पांढरे कण आणि काळे कण, दोघांचा विद्युतभार उलटा. व्होल्टेज दिलं की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो, आणि एकदा वर आलेला कण तिथेच थांबतो, म्हणून पान उलटतानाच काय ती वीज लागते आणि बॅटरी आठवडे-आठवडे पुरते. शिवाय उजेड आतून येत नाही, बाहेरचा उजेड पानावर पडून परत येतो, त्यामुळे भर उन्हात एलसीडी काळी पडते तिथे हे जास्तच स्पष्ट दिसतं. मात्र कणांना हलायला वेळ लागतो. व्हिडिओ नीट चालत नाही, स्क्रोल केलं की अडखळतं, पान बदलताना काळा झपकारा येतो. म्हणजे टॅब जे जे करतो ते हे यंत्र नीट करूच शकत नव्हतं, आणि टॅबने रीडरला गिळलं नाही यामागे मला हे एक मोठं कारण वाटतं, कारण दोघांची कामं पहिल्यापासूनच वेगळी पडली.

२००४ मध्ये सोनीने जपानमध्ये लिब्री काढला, ई इंक असलेला पहिला बाजारातला रीडर. स्क्रीन उत्तम, पण विकत घेतलेलं पुस्तक ६० दिवसांनी वाचता येईना! कोण घेणार? सोनीला यंत्र जमलं, दुकान नाही जमलं.

दुकान जमलं ॲमेझॉनला. १९ नोव्हेंबर २००७ ला पहिलं किंडल आलं, किंमत ३९९ डॉलर, दिसायला अगदी बेंगरूळ, आणि तरी साडेपाच तासांत सगळा माल संपला. कारण आत मोबाईल नेटवर्क होतं, त्याचं वेगळं बिल नव्हतं, कॉम्प्युटरला केबल लावायची गरज नव्हती, बसल्या जागी पुस्तक घ्या आणि मिनिटाभरात वाचायला लागा. सुरुवातीलाच जवळपास ९० हजार पुस्तकं होती आणि गाजणारी नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला. छापील हार्डकव्हरपेक्षा हे इतकं स्वस्त होतं की प्रकाशक घाबरले, वाचकांना एकदा या भावाची सवय लागली की आपलं काय होणार म्हणून.

आयपॅड आला तो नेमका या वेळी. ४९९ डॉलर, ९.७ इंचाचा रंगीत स्क्रीन, वजन ६८० ग्रॅम. आणि त्याच्यासोबत ॲपलने प्रकाशकांना सांगितलं की किंमत तुम्ही ठरवा, आम्ही ३० टक्के घेतो. पाच मोठे प्रकाशक तयार झाले, ई-पुस्तकांचे भाव वाढले, आणि एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲपल आणि या प्रकाशकांवर संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी एकेक करून तडजोड केली, ॲपल लढलं, जुलै २०१३ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी ॲपलच्या विरोधात निकाल दिला, पुढे अपिलातही तो टिकला आणि ॲपलला ४५ कोटी डॉलर भरावे लागले. लोक डोळ्यांना काय बरं यावर भांडत होते, पण मोठी लढाई पुस्तक कोण किती भावाने विकणार याची चालली होती.

ॲमेझॉनने मात्र दोन्ही बाजू धरल्या. आयपॅडवर स्वतःचं किंडल ॲप दिलं, म्हणजे टॅबवर वाचा पण पुस्तक आमच्याकडून घ्या. आणि रीडर स्वस्त करत नेला: जून २०१० मध्ये नूक या स्पर्धक रीडरचा भाव उतरला त्याच दिवशी किंडल २५९ वरून १८९ डॉलरवर आलं, ऑगस्टमध्ये वायफायवालं १३९ ला, सप्टेंबर २०११ मध्ये जाहिरातींसकट ७९ ला. त्याच वेळी १९९ डॉलरचा किंडल फायर हा स्वतःचा टॅबही जाहीर केला. ४९९ च्या वस्तूसमोर ७९ ची वस्तू ठेवली की कुठली घ्यायची हा प्रश्नच पडत नाही, दोन्ही घेणारे लोक निघाले.

तरी विक्रीला मार बसलाच. आयसप्लाय या संस्थेच्या अंदाजात २०११ साली जगभरात २ कोटी ३२ लाख रीडर विकले गेले आणि २०१२ मध्ये तो आकडा १ कोटी ४९ लाखांवर येणार असं होतं. २०१४ मध्ये सोनी या धंद्यातून बाहेर पडली. पण माझं मत असं की टॅबने, आणि मग मोठ्या स्क्रीनच्या फोनने नेले ते कधीमधी वाचणारे लोक. रोज तास-दोन तास वाचणारा माणूस रीडरपाशीच राहिला, कारण २०१२ च्या पेपरव्हाइट या किंडलपासून अंधारात वाचायची अडचणही गेली, त्यातला दिवा उजेड डोळ्यांकडे न फेकता पानावर पसरवतो. ई-रीडरने झोप बिघडते म्हणून जो अभ्यास नेहमी पुढे केला जातो, २०१४ चा बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलचा, तो फक्त १२ जणांवर केलेला होता आणि पूर्ण ब्राइटनेसवरच्या आयपॅडवर, त्यात छापील पुस्तकापेक्षा झोप लागायला सरासरी १० मिनिटं जास्त लागली. बातम्यांमध्ये मात्र सरसकट ई-रीडर म्हणून आलं आणि साधं किंडल उगाच बदनाम झालं.

आता आपल्याकडचं. भारतात रीडर आणि टॅब दोन्ही साधारण एकाच सुमाराला आली. २०१० मध्ये इन्फिबीमने पाय नावाचा रीडर ९,९९९ रुपयांना काढला, ऑगस्ट २०१२ मध्ये किंडल ६,९९९ ला दुकानांत मिळायला लागलं, आणि मध्ये ऑक्टोबर २०११ ला सरकारचा स्वस्त आकाश टॅब्लेट आला, ज्याचं काम पुढे आयआयटी मुंबईकडे गेलं. आकाशचा पहिला अवतार अगदी संथ होता, पण त्याने एक गोष्ट मनात बसवली की मुलांना द्यायचं यंत्र म्हणजे टॅब.

आणि मराठी वाचकाला रीडर घेऊन करायचं काय हाच प्रश्न होता, किंडलवर अधिकृतपणे मराठी पुस्तकं आली तीच डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमसोबत. तोवर मराठी ई-पुस्तक म्हणजे पीडीएफ. ई-साहित्य प्रतिष्ठानची फुकट पुस्तकं पीडीएफ, बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ, स्कॅन केलेले जुने ग्रंथ पीडीएफ. पीडीएफमध्ये पान जसं छापलं तसंच राहतं, अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळत नाहीत, मग ६ इंचाच्या स्क्रीनवर मुंग्यांएवढी अक्षरं नाहीतर झूम करून पान डावीउजवीकडे ढकलत बसा, आणि ई इंकच्या वेगाने ते ढकलणं म्हणजे जीव जातो. बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक तर रंगीत आकृत्यांशिवाय निम्मं वाया. तिथे १० इंचाचा टॅब सरळ जिंकतो, म्हणून मी म्हणतो की मराठीत टॅबने रीडरची जागा घेतली का हा प्रश्नच उलटा आहे, मराठीत ती जागा रीडरला कधी मिळालीच नव्हती. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वाचणं थेट फोनवर गेलं, नंतर २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या ऑडिओबुकच्या ॲपमुळे बरेच जण ऐकायलाच लागले.

गेल्या काही वर्षांत दोन्हींमधली भिंतही पातळ झालीय. २०२२ चं किंडल स्क्राइब १०.२ इंचाचं आणि पेनने लिहिता येणारं, बूक्स (Boox) या ब्रँडच्या रीडरमध्ये अख्खं अँड्रॉइड, २०२४ मध्ये किंडलचं रंगीत मॉडेलही आलं. मोठ्या ई इंकवर पीडीएफ बरी दिसते पण भाव चांगल्या टॅबएवढा किंवा वरच. भारतात एप्रिल २०२५ मध्ये आलेलं साधं पेपरव्हाइटच १६,९९९ रुपयांचं, तेवढ्यात एक बऱ्यापैकी टॅब येतो, त्यामुळे फक्त मराठी वाचणाऱ्याला मी आज तरी टॅबच सुचवेन, आणि इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचत असाल तर डोळे झाकून रीडर.

मराठीसाठी हे बदलायचं तर यंत्रापेक्षा फाइलींवर काम व्हायला हवं. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखीच ओळखली जाणारी पद्धत, रुळायच्या आधीची आपली असंख्य पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालीत, त्यातला मजकूर कॉपी केला तर रोमन अक्षरांचा गिचमिडा येतो, कन्व्हर्टरमधून काढला तर रफार आणि जोडाक्षरं कुठेतरी निसटतात आणि मग कुणालातरी बसून ओळ न् ओळ तपासावी लागते. हे किचकट आणि पैसे खाणारं काम आहे, छोट्या प्रकाशकाला एकट्याने परवडत नाही. पण निदान नवी पुस्तकं तरी पहिल्यापासून युनिकोडमध्ये करावीत आणि छापायच्या पीडीएफबरोबर ईपब हा ई-पुस्तकाच्या फाइलचा प्रकारही काढून ठेवावा, कारण ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात, मग वाचणारा ते फोनवर उघडो, टॅबवर नाहीतर रीडरवर.