बडोद्यात घराण्याच्या नोंदी शोधायच्या आहेत? अर्ज कुठे करावा, कागद कोणते लागतात

आपली माणसे बडोद्यात कधी आली, हा प्रश्न इथल्या मराठी घरांत कधी ना कधी निघतोच. उत्तर बहुतेकदा दफ्तरात असते, पण नुसते आडनाव सांगून ते हाती लागत नाही. संस्थानचे कागद खात्यावार बांधलेले आहेत. पूर्वज पागेत (घोडदळात) होते, खानगीत (राजघराण्याच्या खासगी खात्यात) होते, फडणिशीत (हिशेबखात्यात) की शाळाखात्यात, हे कळले तरच कोणता रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मागायचा ते ठरते. म्हणून अर्जाच्या आधी घरची पेटी उघडा. आमच्याकडे आजोबांच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली, पेन्शनचा एक कागद निघाला. घडीवर पार विरलेला, पण वरच्या कोपऱ्यात खात्याचे नाव शाबूत होते. पुढचा सगळा शोध त्या दोन शब्दांवर झाला.

सुरुवात जन्म-मृत्यूच्या नोंदींपासून करा. शहरातल्या नोंदी महानगरपालिकेच्या जन्म-मरण विभागात, गावातल्या ग्रामपंचायतीत तलाटीकडे. 1969 च्या नोंदणी कायद्याने नोंदीचा शोध घ्यायला लावण्याचा अधिकार कोणालाही दिला आहे. त्यासाठी वारस असण्याची अट नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण मात्र लिहून मिळत नाही. अर्जात नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वाडी, रावपुरा, बाबाजीपुरा असा मोहल्ला आणि अंदाजे साल लिहा, सोबत स्वतःचे ओळखपत्र जोडा. शोधाचे शुल्क वर्षांच्या हिशेबाने लागते, तेव्हा साल जितके नेमके तितके बरे. आजीची जन्मनोंद शोधताना माहेरचेच नाव द्या. ताटातल्या तांदळात लिहिलेले नाव त्या वहीत कसे सापडेल? जुन्या जन्मनोंदीत बाळाचे नावच नसते, असेही पुष्कळदा होते. मग वडिलांच्या नावावरून ओळखावे लागते.

शाळेचे जनरल रजिस्टर विसरू नका. सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा अजून चालू असेल तर मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या. जन्मस्थळ, जात, आधीची शाळा, सगळे एका ओळीत मिळते.

शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावर थांबू नका. हक्कपत्रकातली, म्हणजे गाव नमुना 6 मधली, वारसाईची जुनी नोंद मागा. कोण वारले आणि मागे कोण राहिले, हे तिथे असते.

आता संस्थानचे दफ्तर. गुजरात राज्य अभिलेखागाराची दक्षिण वर्तुळ कचेरी बडोद्यातच, कोठीत आहे. अर्जात शोधाचा हेतू, पूर्वजाचे नाव, खाते आणि कालखंड लिहा. ओळखपत्राची प्रत जोडा, विद्यापीठातून काम करत असाल तर मार्गदर्शकांचे पत्रही. 'घराण्याचा इतिहास' एवढेच लिहू नका. माझा पहिला अर्ज एका कचेरीतून तसाच परत आला होता, कारण त्यात सालच नव्हते. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा त्यानंतरच्या नोकरीचे कागद या रुमालांत शोधू नका.

कागद हाती आला की अडचण असते तारखेची. मोडी कागदावर 'अर्बा सबैन मया व अलफ' असे दिसले तर घाबरू नका: चार, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन 1174. सुहूर सन म्हणजे मराठी दफ्तरांतले अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेले साल. हे साल मृगापासून बदलते. जून ते डिसेंबरसाठी 599 आणि जानेवारी ते मेसाठी 600 मिळवा; हा कागद 1773-74 चा ठरतो. शकात 78 मिळवायचे, शकवर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांत, म्हणजे जानेवारीपासून, 79. गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो, त्यातून 56 वजा करा, कार्तिक ते डिसेंबरअखेर असेल तर 57.

तलाटीकडून मिळणारा पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, ही वेगळी गोष्ट. तो वारसाईसाठी असतो: मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पंचांचे जबाब, सर्वांची ओळखपत्रे. त्यात हयात वारस नीट येतात, पण पणजोबांच्या मागचे काही कळत नाही.

दफ्तरात मिळालेल्या प्रत्येक नकलेच्या मागे रुमाल, पुडके (रुमालातली लहान गड्डी) आणि कागदाचा क्रमांक त्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवा. मोडी वाचणाऱ्याने 'मागचा कागद आणा' म्हटले, तर तो पुन्हा त्याच खुणेवर मिळतो.